आखाजीचा झोका आणि टेबल सॉ : प्रकल्प नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार

गेल्या पावसाळ्यात वादळात दारातला कडुनिंब पडला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली की त्याच्याच फांदीला झोका बांधायचो. यंदा आखाजी ३० एप्रिलला आहे. निंब नाही म्हणून झोका नाही असं होऊ द्यायचं नाही, म्हणून चौकटीवरचा लाकडी झोका करायला घेतला आहे. गाव अमळनेर तालुक्यातलं. लाकूड घरचंच. जुन्या घराचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, उतरवलं तेव्हाच्या सागाच्या कड्या, माळ्याच्या फळ्या आणि एक तुळई पडवीत रचून ठेवली होती.

आज धुळ्याहून जुनं टेबल सॉ मशीन आणलं, म्हणजे टेबलाच्या फटीतून गोल करवतीचं ब्लेड वर येतं ते. १० इंची ब्लेड, २ एचपी सिंगल फेज मोटर, पट्ट्यावर चालणारं. १६,००० रुपये आणि टेम्पोचे १,४००. ब्लेड वरखाली होतं, तिरपंही होतं. पण ब्लेडवरचं झाकण नाही आणि ब्लेडच्या मागचं पातं, राइव्हिंग नाइफ, तेही नाही. विकणारा म्हणाला, "ते काढूनच टाकतात सगळे, आडवं येतं." मी तसंच उचलून आणलं, ही पहिली चूक. भावात ते धरून घासाघीस करायला हवी होती.

शेजारचे नाना सुतार बघायला आले. वय सत्तरीपार. त्यांनी मशीनभोवती चक्कर मारली, ब्लेडच्या मागे बोट नेलं आणि विचारलं, "पाचर कथा शे?" म्हणजे पाचर कुठे आहे? पूर्वी दोघं जण मोठ्या आरीनं तुळई फाडायचे तेव्हा कापलेल्या चिरेत मागून पाचर ठोकत, म्हणजे चीर मिटून आरी अडकत नसे. राइव्हिंग नाइफ हेच काम करतं. या नोंदींत मी त्याला पाचरच म्हणणार आहे.

१९ मार्च

दोन दिवस फक्त मोजमाप. प्लग काढून ठेवला आणि एका दाताला खडूनं खूण केली. तो दात पुढे आणून टेबलातल्या खाचेपासून त्याचं अंतर मोजलं, मग तोच दात फिरवून मागे नेला आणि पुन्हा मोजलं. वेगवेगळे दात मोजू नका, ब्लेड किंचित वाकडं असलं तर हिशेब चुकतो. फरक १ मिमी निघाला. टेबलाखालचे चार बोल्ट सैल करून, लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकून सरळ केलं. साडेतीन तास लागले.

मग फेन्स. फळी जिच्या कडेकडेनं सरकते ती ही गाईडपट्टी. तिचं मागचं टोक ब्लेडकडे दीड मिमी झुकलेलं होतं. म्हणजे फळी जसजशी मागे जाणार तसतशी ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये दाबली जाणार. ब्लेडचे मागचे दात वर उठत असतात. दाबलेलं लाकूड ते उचलतात आणि उभ्या माणसाच्या दिशेनं फेकतात. फेन्स समांतर केली, मागचं टोक केसभर बाहेरच ठेवलं.

२२ मार्च, शनिवार

आज जे झालं ते सगळ्यांनी वाचावं, विशेषतः खेड्यात काम करणाऱ्यांनी.

एक जुनी पट्टी कापून बघत होतो. मध्येच लाईट गेली. ब्लेड थांबलं. मी पट्टी काढली आणि टेबलावरचा भुसा हातानं झटकायला लागलो. बटण चालूच राहिलं होतं. तीन-चार मिनिटांनी लाईट आली आणि मशीन आपोआप सुरू झालं. माझा हात तेव्हा फेन्सच्या पलीकडे होता. दोन क्षण आधी तो ब्लेडला लागून होता.

मशीन बंद करून प्लग काढला आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो.

२३ मार्च

उपाय आपल्या शेतातच आहे. विहिरीवरच्या मोटरीला हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर असतो. त्यातली कॉइल लाईट गेली की सुटते आणि लाईट आल्यावर हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर फिरत नाही. टेबल सॉला नेमकं हेच लागतं.

घरात जुन्या पंपाचा स्टार्टर पडून होता, तो जोडायला अर्धा दिवस घालवला. तो थ्री फेजचा, त्याची कॉइल ४१५ व्होल्टची. २३० वर ती नीट ओढतच नाही, नुसती गुणगुणते. वायरमननं येऊन एका मिनिटात सांगितलं. सिंगल फेजचा, २४० व्होल्ट कॉइलचा नवा स्टार्टर अमळनेरहून आणला, १,९५० रुपये. त्याचा ओव्हरलोड, म्हणजे जास्त भार आला की मोटर बंद करणारा भाग, मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरप्रमाणे लावून घेतला.

लाईट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावतात. रात्रीच्या पाण्यासाठी ते सोयीचं आहे, पण करवतीच्या मशीनला ते कधीही लावू नका.

वायरही बदलली. आधी २० मीटर लांब, बारीक वायर ओढली होती. संध्याकाळी मीटरवर १८५ व्होल्ट दाखवत होते आणि सागात ब्लेड गेलं की मोटर रडायची. आता २.५ चौरस मिमीची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, अर्थिंग तपासलेलं. काम सकाळी ६ ते १० एवढंच. त्या वेळी विजेचा दाब २१५ व्होल्टच्या आसपास असतो आणि उन्हाचा तडाखाही नसतो. दाब कमी असला की ब्लेड लाकडात थांबतं, आणि थांबलेलं ब्लेड सोडवताना माणूस नको ते करतो.

२६ मार्च

पाचर गावातल्या वेल्डरकडून करून घेतली. माझ्याकडच्या ब्लेडचे दात २.८ मिमी रुंद काप देतात, ब्लेडचा पत्रा १.८ मिमी आहे. पाचर या दोन्हींच्या मधल्या जाडीची हवी. वेल्डरकडे ३ मिमी पत्रा होता, मी म्हटलं चालेल. नाही चालला. फळी पाचरीपर्यंत आली आणि तिथेच अडकली, कारण चीर २.८ची आणि पाचर ३ची. ४०० रुपये वाया गेले. २.५ मिमीचा पत्रा धुळ्याहून मागवला आहे, आठवडा लागेल.

आज खिळ्यांनी दगा दिला. माळ्याच्या फळ्या शंभरेक वर्षांच्या तरी असतील असं माय सांगते. दिसणारे खिळे उपटले होते. पण जुने चौकोनी घडीव खिळे आतच तुटतात आणि वरून फक्त काळा डाग दिसतो. दुसऱ्याच फळीत खणकन आवाज आला, ठिणगी उडाली. २४ दातांपैकी ३ दातांच्या टिकल्या गेल्या. ब्लेड ९५० रुपयांचं.

आता प्रत्येक फळीवरून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून फिरवतो. जिथे ते किंचित ओढलं जातं तिथे खडूची फुली. शिवाय जिथे काळा डाग तिथे पटाशीनं उकरून बघायचं, चुंबकानं नाही सांगितलं तरी. धाब्याची माती फळीच्या भेगांत बसलेली असते, तीही तारेच्या ब्रशनं काढायची. माती ब्लेडची धार खिळ्याइतकी पटकन नाही पण नक्की खाते.

३१ मार्च, सोमवार

पाडवा काल झाला. आज सकाळी हात मोकळे होते आणि मनाला घाई होती. पाचर अजून आलेली नाही. तरी कामाला लागलो.

४ इंची आठ तुकडे हवे होते. आडवा काप. पट्टी मायटर गेजला, म्हणजे टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या कोन धरायच्या आधाराला, टेकवली आणि माप सारखं यावं म्हणून तिचं टोक फेन्सला लावलं. दोन तुकडे बरे निघाले. तिसरा कापून सुटला तो ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये, किंचित तिरका झाला, आणि माझ्या उजव्या बाजूनं मागे गेला. मला तो जाताना दिसलाही नाही. पाठीमागच्या धान्याच्या पत्र्याच्या कोठीला अंगठा बसेल एवढा पोचा पडला आहे.

मी ब्लेडच्या डाव्या अंगाला उभा होतो म्हणून वाचलो. ब्लेड आणि फेन्स यांच्या मधल्या पट्ट्याच्या सरळ मागे उभं राहायचं नाही, एवढा एकच नियम आज पाळला होता.

आवाज ऐकून नाना आले. कोठी बघितली, तुकडा उचलून हातात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, कापाना आधी इचार, तुकडा कथा जाई?" कापण्याआधी विचार कर, सुटलेला तुकडा कुठे जाईल.

मग त्यांनी समजावलं ते असं. उभा काप, म्हणजे लाकडाच्या रेषेच्या दिशेनं फाडणं, फेन्सला धरून करायचा, कारण लांब कड फेन्सला टेकून सरळ राहते. आडव्या कापात टेकायला फक्त छोटं टोक असतं, ते फिरतं. म्हणून आडव्या कापात फेन्स बाजूला. मापासाठी टोक टेकवायचंच असेल तर फेन्सला ब्लेडच्या बऱ्याच अलीकडे लाकडाचा ठोकळा बांधायचा. पट्टी त्या ठोकळ्याला टेकवून माप घ्यायचं, पुढे सरकवली की ती ठोकळ्यापासून सुटते आणि कापलेला तुकडा मोकळ्या जागेत पडतो.

बायको म्हणाली, पाचर बसेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. मी मशीनवर गोणपाट टाकलं.

७ एप्रिल

२.५ मिमीची पाचर आली, ६०० रुपये. ब्लेड ज्या सांगाड्यावर वरखाली आणि तिरपं होतं त्याच सांगाड्यावर तिची पकड वेल्ड करून घेतली, म्हणजे ब्लेडबरोबर तीही हलते. टेबलाला ठोकली असती तर ब्लेड तिरपं करताच निरुपयोगी झाली असती. दातांपासून ५ मिमी मागे, आणि तिचा माथा ब्लेडच्या माथ्यापेक्षा किंचित खाली.

नवं ब्लेड बसवताना नट कुठल्या बाजूला फिरवायचा यात मी अडकलो होतो. ब्लेड ज्या दिशेनं फिरतं त्या दिशेला नट फिरवला की सुटतो. प्लग काढून, तो समोर दिसेल असा टेबलावर ठेवूनच हे करायचं.

थांबलेल्या आठवड्यात दोन वस्तू केल्या. एक ढकलकाठी : बुटाच्या आकाराची, टाच फळीच्या मागच्या टोकाला अडकते आणि तळ फळीला वरून दाबून ठेवतो. नुसती टोकदार काठी घेऊ नका, ती मागून ढकलते पण फळी वर उठली तर आवरत नाही. ब्लेड ते फेन्स अंतर ६ इंचांहून कमी असेल तर माझा हात तिथे जात नाही, काठी जाते.

दुसरी वस्तू स्लेड, म्हणजे आडव्या कापासाठी सरकता पाट. १२ मिमी प्लायचा, खाली सागाच्या दोन पट्ट्या टेबलाच्या खाचांत सरकणाऱ्या. काटकोन गुण्यानं लावला, मग एक रुंद तुकडा कापून त्याचा अर्धा भाग उलटा केला आणि दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना भिडवून उजेडात धरल्या. मध्ये फट दिसली. चार वेळा स्क्रू काढून घातले तेव्हा फट गेली. ब्लेड पाटाच्या मागच्या भिंतीतून जिथे बाहेर येतं तिथे एक जाड ठोकळा बसवला आहे, कारण ढकलणाऱ्या हाताचा अंगठा नेमका तिथेच येतो. प्लाय आणि स्क्रू मिळून ७०० रुपये.

९ एप्रिल

फळ्या फाडायला सुरुवात. जुनी फळी दिसते सरळ, पण तिची एकही कड सरळ नसते. वाकडी कड फेन्सला लावली तर फळी मध्येच डुलते. म्हणून पहिला काप असा : प्लायची सरळ पट्टी फळीखाली स्क्रूनं बसवायची, ती पट्टी फेन्सला लावायची आणि फळीची बाहेर राहिलेली वाकडी कड कापून टाकायची. एक कड सरळ झाली की मग ती फेन्सला.

फळी खोलगट झालेली असेल तर खोलगट बाजू टेबलाकडे. उलटी ठेवली तर ती होडीसारखी डोलते आणि ब्लेडला चिमटते. ब्लेड लाकडाच्या वर दातभर, फार तर ६-७ मिमी. पलीकडे फळी झेलायला तेवढ्याच उंचीचा बाक लावला आहे. तो नव्हता तेव्हा शेवटच्या फुटात फळी पलीकडे कलंडायची आणि मी ती दाबायला पुढे वाकायचो.

हातमोजे घालत नाही, दातात धागा अडकला तर हात आत ओढला जातो. गळ्यातला रुमाल काढून, बाह्या दुमडून, चष्मा लावून काम. सागाच्या बारीक भुशानं अंगाला खाज सुटते आणि घसा धरतो, मास्क लागतोच.

आज सहा फळ्या निघाल्या, प्रत्येकी ६ इंच रुंद. आतून रंग असा निघाला की मायनं एक तुकडा देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवला.

१२ एप्रिल, शनिवार

मनात होतं की पडलेल्या निंबाचंही काहीतरी या झोक्यात असावं. बुंध्याचा एक ओंडका घराच्या सावलीला होता, नऊ महिने झालेले. वरून वाळलेला वाटला. त्यातून काढलेली दीड इंची फळी मशीनवर घेतली.

दीड फूट कापली गेली आणि फळी पुढे सरकेना. वाकून बघितलं तर मागे चीर मिटून पाचरीला घट्ट आवळत होती. आतून लाकूड ओलं होतं. पाचर नसती तर तो आवळ ब्लेडवर आला असता आणि तीन फुटी फळी माझ्याकडे आली असती. लाल बटण दाबलं. ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत फळी दोन्ही हातांनी तशीच धरून ठेवली, मागे ओढली नाही. फिरत्या ब्लेडवरून लाकूड मागे ओढणं म्हणजे मागच्या दातांच्या तोंडी देणं. मग चिरेत लाकडी पाचर ठोकून फळी सोडवली.

नानांनी फळीवर हात ठेवला. "लाकूड आजून जित्तं शे, भाऊ." निंबाचं काम पुढच्या वर्षी. ओंडका फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या घालून, पडवीत रचला.

१६ एप्रिल

बैठकीच्या पुढच्या आणि मागच्या फळीच्या कडा १५ अंशांत तिरप्या कापल्या, मांडीला टोचू नयेत म्हणून. माझ्या मशीनचं ब्लेड उजवीकडे झुकतं. फेन्सही उजवीकडेच ठेवली असती तर फळी तिरप्या ब्लेडखाली फेन्सला चिणून बसली असती. म्हणून या कापापुरती फेन्स डावीकडे आणली, मी उजव्या अंगाला उभा राहिलो. तुकडा कथा जाई, हे विचारल्यावर उत्तर आपोआप मिळालं. आधी टाकाऊ पट्टीवर काप घेऊन बघितला. तिरपं ब्लेड टेबलाच्या फटीच्या कडेला घासत नाही ना, तेही प्लग काढून हातानं फिरवून पाहिलं.

१९ एप्रिल, शनिवार

बैठक तीन फळ्यांची, साडेचार फूट लांब, १८ इंच रुंद. खालून दोन आडव्या पट्ट्या, ४० मिमी रुंद, त्यांच्यासाठी ८ मिमी खोल खाच. फळ्या जोडण्याआधीच प्रत्येकीत खाचा घेतल्या, स्लेडवर, ठोकळ्याला टेकवून. ब्लेडची उंची ठरवताना स्लेडच्या प्लायचे १२ मिमी धरायला विसरू नका. मी पहिल्यांदा विसरलो, ब्लेड लाकडाला लागलंच नाही.

एका खाचेला १७-१८ फेऱ्या. सहा खाचा. तीन तास. यासाठी २४ सपाट दातांचं ब्लेड घ्या. ६० दातांचं आडव्या कापाला सुंदर आहे, पण त्याचे दात आलटून पालटून तिरपे असतात, खाचेचा तळ करवतीसारखा राहतो.

खाच घेताना ब्लेड लाकडाखाली असतं, दिसत नाही, आणि म्हणूनच माणूस त्यावर हात ठेवून दाबतो. मी दाबण्यासाठी मूठ लावलेला लाकडी ठोकळा वापरला.

तिसऱ्या फळीची एक खाच दीड मिमी सरकली. कारण ठोकळा आणि फळीच्या मध्ये भुसा साचला होता. आता ठोकळ्याचा खालचा कोपरा कापून टाकला आहे, भुसा तिथे जातो. सरकलेली खाच नानांनी पटाशीनं रुंद करून दिली.

२३ एप्रिल

बैठक गमनं जोडली. पहाटे साडेपाचला. काल दुपारी नुसता प्रयोग केला तर उन्हामुळे गम शिकंजे आवळण्याआधीच आळत होता. खालच्या पट्ट्यांना गम नाही, फक्त स्क्रू, आणि कडेच्या स्क्रूंची भोकं लांबट. पावसाळ्यात १८ इंच साग फुगतो, त्याला हलायला जागा हवी.

२७ एप्रिल, रविवार

चौकटीचे चार पाय, ३ इंची कड्यांचे, ८ फूट लांब. त्यांची टोकं १५ अंशांत कापायची होती. आठ फुटी कडी मायटर गेजवर ठेवून बघितली, मशीन बंद ठेवूनच. तिचं वजन टेबलाबाहेर लोंबत होतं, टोक खाली ओढत होतं. हा काप टेबल सॉचा नाही. खूण करून नाना आणि मी हातकरवतीनं आठ टोकं कापली, दीड तासात. नानांची करवत रेषेवरून केसभर हलली नाही. वरची तुळई आहे तशीच ठेवली, फक्त रंधा मारला. जोड १२ मिमीच्या बोल्टनी.

२९ एप्रिल, मंगळवार

कड्या-साखळ्या लावल्या. आधी गव्हाची ५० किलोची दोन पोती बैठकीवर ठेवली, मग तिसरं. तासभर तसंच ठेवून जोड तपासले. डावीकडचा मागचा पाय जमिनीवर ठरत नव्हता, खाली फरशीचा तुकडा दिला. रात्री ताई आली. अंधारात हात फिरवून म्हणाली, "ही माळ्यावरची फळी ना?" खाचेजवळ एका जुन्या खिळ्याचं काळं भोक मुद्दाम ठेवलं होतं, तिचं बोट तिथेच थांबलं.

१ मे

हिशेब : मशीन आणि टेम्पो १७,४००, स्टार्टर १,९५०, वायर आणि सॉकेट २,१००, ब्लेडं तीन मिळून ३,३५० (एक खिळ्यानं गेलेलं), दोन पाचरी १,०००, प्लाय आणि स्क्रू ७००, बोल्ट-साखळ्या २,३००. एकूण २८,८००. दिवस सोळा, त्यातले पाच तरी चुकांत गेले.

भाचा सकाळपासून मशीनभोवती घुटमळतो आहे. ब्लेड टेबलाखाली उतरवलं, प्लग काढला आणि स्टार्टरची वायर गुंडाळून कपाटात ठेवली. ब्लेडवरचं झाकण अजून करायचं आहे. वेल्डर सोमवारी माप घ्यायला येतो म्हणाला. तोवर गोणपाट.